दाबसामर्थ्य भरपूर असूनही दगड दोन वर्षांत फुटतो, तर चाचणी कोणती करावी?

प्रश्न: काठबांधणी

नमस्कार. मातीच्या धरणाच्या पाण्याकडील उतारावर दगडी पिचिंग, म्हणजे दगडांचे अस्तर, करण्याचे काम माझ्या देखरेखीखाली पूर्ण होऊन आता दोन वर्षे झाली. दगड एकाच खाणीतून आला होता. काळसर, बारीक कणांचा बेसाल्ट, हाताला जड लागणारा आणि दिसायला निर्दोष. खाण मंजूर करण्यापूर्वी नमुने चाचणीसाठी पाठवले होते. ५४ मिमी व्यासाच्या पाच दंडगोलांचे सरासरी दाबसामर्थ्य, म्हणजे फुटेपर्यंत सोसलेला दाब, १४२ मेगापास्कल, त्यांतील सर्वांत कमी १२१, सापेक्ष घनता २.७४, जलशोषण १.९ टक्के आणि लॉस एंजेलिस झीज १७ टक्के, असा अहवाल आला. आमच्या निविदेत दाबसामर्थ्याची किमान मर्यादा ८० मेगापास्कल होती, त्यामुळे खाण मंजूर करताना कोणाच्याच मनात किंतु आला नाही.

आज जलाशयाची पातळी जेथे वर्षभर वरखाली होते त्या पट्ट्यात दर दहा-बारा दगडांमागे एकावर जाळीसारख्या भेगा पडल्या आहेत, आणि त्यांतले काही तर हाताने दाबताच सुपारीएवढ्या तुकड्यांत मोकळे होतात. त्यांना खेटून बसवलेले, त्याच खाणीतले दगड मात्र जसेच्या तसे आहेत. पट्ट्याच्या वर नुकसान फारसे नाही. आणि पातळी खूप खाली गेली तेव्हा उघडे पडलेले, एरवी कायम पाण्याखाली असणारे दगडही बरेच चांगले निघाले, याचे मला अधिक आश्चर्य वाटले.

तो अहवाल चुकीचा होता असे समजावे काय? आणि पुढील टप्प्यासाठी खाण निवडताना कोणत्या चाचण्या मागाव्यात, म्हणजे हीच फजिती पुन्हा होणार नाही?

उत्तर: चाचणीकक्ष

अहवाल खोटा असण्याचे कारण मला दिसत नाही. मी अशा चाचण्या घेण्याचेच काम करतो, आणि आमच्या यंत्राला एकच प्रश्न विचारता येतो: हा तुकडा आज, या अवस्थेत, किती दाबाला फुटेल? शेकडो वेळा भिजून-वाळून झाल्यावर तो किती दाबाला फुटेल, हे त्याला कोणी विचारलेले नसते.

त्या एका प्रश्नाच्या उत्तरातही खोट राहू शकते. दंडगोलाची लांबी व्यासाच्या अडीच ते तीन पट हवी, दोन्ही टोके ०.०२ मिमीच्या आत सपाट घासलेली हवीत आणि भार सेकंदाला अर्धा ते एक मेगापास्कल या गतीने वाढवायला हवा. टोक जरा तिरपे राहिले तर दाब एका कडेवर एकवटतो व दगड खऱ्या ताकदीपेक्षा आधीच फुटतो. उलट नमुना आखूड घेतला तर यंत्राच्या पाट्यांचे घर्षण त्याला दोन्हीकडून आवळून धरते आणि आकडा फुगतो. परंतु तुमच्या अडचणीचे मूळ या चुकांत नसावे. मला दोन वेगळ्याच गोष्टींचा संशय येतो.

पहिली म्हणजे नमुना कोरडा होता की भिजवलेला. अहवालात हे लिहिलेले नसेल तर तो कोरडाच होता असे समजून चालावे. चिकणमातीचा अंश असलेल्या खडकाचे सामर्थ्य भिजल्यावर निम्म्यावर आले तरी नवल नाही, तर ताज्या, घट्ट बेसाल्टमध्ये हा फरक थोडाच पडतो. म्हणून कोरड्या व भिजलेल्या सामर्थ्याचे गुणोत्तर हे कोणत्याही एकट्या आकड्यापेक्षा अधिक बोलके असते.

दुसरी गोष्ट आमच्या व्यवसायात कोणी मोठ्याने बोलत नाही. दंडगोल काढण्यासाठी हिऱ्याच्या कडेची नळी पाण्याच्या धारेत दगडात फिरवतात. ज्या दगडात आधीच बारीक भेगा आहेत तो तेथेच तुटतो आणि दाबयंत्रापर्यंत पोहोचतच नाही. तुमच्या अहवालातील १४२ हा आकडा कापताना वाचलेल्या पाच दंडगोलांचा आहे. खाणीचा आहे की नाही, हे ठरवण्यासाठी एकूण किती दंडगोल कापायला घेतले होते ते कळले पाहिजे. प्रयोगशाळेच्या नोंदवहीत ते असते. मागून घ्या, हक्काने मागा.

लॉस एंजेलिस चाचणीविषयी थोडक्यात सांगायचे तर, पोलादी पिंपात खडी आणि पोलादी गोळे एकत्र ५०० फेरे फिरवायचे आणि १.७ मिमीच्या चाळणीतून गळालेला चुरा मोजायचा, अशी ती पद्धत आहे. चाचणी कोरडी आहे आणि मुख्यतः आघात मोजते. रस्त्याच्या खडीसाठी तिचा उपयोग मोठा. पाण्याच्या काठावर बसणाऱ्या दगडाविषयी ती जवळजवळ मुकी आहे. याउलट मायक्रो-डेव्हल ही झिजेची चाचणी ओली असते: तिच्यात ५०० ग्रॅम खडी अडीच लिटर पाण्यात, बारीक पोलादी गोळ्यांसह १२,००० फेरे फिरते. खडकात मऊ, पाण्याने सैल होणारे खनिज असेल तर ते तेथे लपून राहत नाही.

उत्तर: पातळछेद

वरील उत्तराशी मी सहमत आहे, मात्र तुमचा अहवाल निर्दोष होता असे मी म्हणणार नाही. त्यात धोक्याची सूचना होती. ती कोणी वाचली नाही, कारण सगळ्यांचे लक्ष १४२ वर होते.

घट्ट, ताज्या बेसाल्टची सापेक्ष घनता साधारणतः २.८ ते ३.० असते आणि जलशोषण बहुधा एक टक्क्याच्या आत. तुमच्याकडे २.७४ आणि १.९ आले. हे दोन्ही आकडे मर्यादेच्या आत बसले असतील, परंतु दोन्ही एकाच दिशेला बोट दाखवतात: खडकातील मूळ खनिजांपैकी काहींची जागा हलक्या आणि पाणी धरणाऱ्या पदार्थाने घेतली आहे. बेसाल्टमध्ये हा पदार्थ बहुतेक वेळा स्मेक्टाइट गटातील चिकणमाती असतो. लाव्हा थंड होताना स्फटिकांच्या फटींत शेवटी उरलेला रस काचेच्या रूपात गोठतो. ही काच अस्थिर असते आणि खडक जमिनीत असतानाच, मुरणाऱ्या गरम पाण्याच्या संपर्कात तिचे स्मेक्टाइट होते. हा बदल ऊनपावसाने पृष्ठभागावर होणाऱ्या विदारणापेक्षा निराळा आहे. दगडाला पिवळेपणा किंवा तांबूसपणा येत नाही, कडा भुसभुशीत होत नाहीत, आणि नुसत्या डोळ्यांना तो काळा, ताजा, खणखणीतच दिसतो. ताजा तोडलेला पृष्ठभाग ओला करून भिंगाखाली पाहिला तर हिरवट-काळे, मेणचट ठिपके सापडतात. नखाने ओरखडले जातात, म्हणजे ओळख पटली.

कोरडे असताना हे ठिपके स्फटिकांमध्ये पाचरीसारखे गच्च बसलेले असतात आणि दाबाला तोंड देतात. भिजले की फुगतात, वाळले की आकसतात. एका फेरीत काहीच होत नाही; पण लाट, ऊन आणि पातळीचा चढउतार यांतून फेऱ्या मोजदादीपलीकडे जातात, आणि प्रत्येक फेरीत ठिपक्यांना जोडणारी भेग किंचित पुढे सरकते. कायम पाण्याखाली असलेला दगड एकदाच फुगतो व तसाच राहतो, म्हणून तो टिकला. वरचा दगड क्वचित भिजतो, म्हणून तोही टिकला. तुम्हाला ज्याचे आश्चर्य वाटले तोच येथे सर्वांत मोठा पुरावा आहे.

आता चाचण्यांकडे वळतो. सर्वांत आधी शिलावर्णन करून घ्यावे, म्हणजे दगडाचा ०.०३ मिमी जाडीचा छेद घासून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा. कामाच्या एकूण खर्चात हा खर्च नगण्य असतो आणि तरीही तोच पहिला कापला जातो, याची मला खंत वाटते. छेदात चिकणमाती किती आहे यापेक्षा ती कशी पसरली आहे हे पाहायला सांगा. सर्वत्र विरळ विखुरलेले स्मेक्टाइट खडक बराच काळ सहन करतो. तेच शिरांच्या किंवा सलग जाळीच्या रूपात असेल तर थोडेसेही दगडाचे तुकडे करते. मिथिलीन ब्लू चाचणीत दगडाची पूड निळा रंग किती शोषते यावरून फुगणाऱ्या चिकणमातीचा अंदाज मिळतो आणि ती झटपट होते, पण पूड केल्यावर रचना नष्ट होते. म्हणजे नेमकी महत्त्वाची गोष्टच तिला सांगता येत नाही.

त्यानंतर इथिलीन ग्लायकॉल. या द्रवाचे रेणू स्मेक्टाइटच्या थरांमध्ये शिरून त्यांना पाण्याहूनही अधिक ताणतात. क्ष-किरणांनी खनिजाच्या थरांमधील अंतर मोजले (क्ष-किरण विवर्तन), तर ते सुमारे १५ वरून १७ आंगस्ट्रॉम, या अतिसूक्ष्म एककात, झालेले दिसते, आणि तीच या खनिजाची खूण मानली जाते. दगडाचे तुकडे ग्लायकॉलमध्ये १५ दिवस बुडवून ठेवावेत, दर दोन-तीन दिवसांनी बाहेर काढून भेगांची नोंद करावी व छायाचित्रे घ्यावीत. चाचणी साधी आहे, मात्र निष्ठुर आहे: जो दगड तिच्यात फुटतो त्याला चढउताराच्या पट्ट्यात जागा देऊ नये. प्रत्यक्ष परिस्थितीच्या जवळ जाणारी चाचणी म्हणजे दगडाची जाड पाटी कापून तिला भिजवण्या-वाळवण्याच्या ८० फेऱ्या देणे. तिला वेळ लागतो, म्हणून संशयित थरांपुरती ती मागावी.

सल्फेटची साउंडनेस (टिकाऊपणाची) चाचणी तुम्हाला बरेच जण सुचवतील, म्हणून तिच्याविषयी आधीच सांगून ठेवतो. सोडियम किंवा मॅग्नेशियम सल्फेटच्या संपृक्त द्रावणात खडी १६ ते १८ तास भिजवून ११० अंश सेल्सियसच्या आसपास वाळवायची, अशा पाच फेऱ्या द्यायच्या आणि घटलेले वजन मोजायचे, असे तिचे स्वरूप आहे. मुळात ब्रार नावाच्या फ्रेंच संशोधकाने सुचवलेली ही युक्ती १८२८ साली प्रसिद्ध झाली. पाणी गोठून फुगते तसे छिद्रांत मीठ स्फटिक होऊन ढकलते, म्हणून बर्फाशिवाय हिमाघाताची नक्कल करता येईल, हा त्यामागचा विचार होता. सच्छिद्र चुनखडक, वाळूचा खडक किंवा खाऱ्या हवेतील दगड यांसाठी ती अर्थपूर्ण आहे. चिकणमातीच्या फुगण्याशी तिचे नाते दूरचे आहे, आणि सल्फेटच्या चाचणीत उत्तीर्ण झालेले बेसाल्ट ग्लायकॉलमध्ये उकललेले मी स्वतः पाहिले आहेत.

एक शंका मात्र खुली ठेवतो. काही बेसाल्टवर हवेत उघडे पडल्यावर करडे, ताऱ्यासारखे ठिपके उमटतात आणि त्यांना जोडणाऱ्या भेगांनी दगडाचे दाणे होतात. जर्मनीत याला ‘सूर्यदाह’ या अर्थाचे नाव आहे आणि युरोपीय मानकात त्यासाठी दगड ३६ तास उकळण्याची स्वतंत्र चाचणी आहे. तुमच्या फुटलेल्या दगडांवर असे ठिपके आहेत काय, ते पाहून कळवावे.

उत्तर: सुरुंगवाट

मी खाणीच्या बाजूचा माणूस आहे, म्हणून थोडे वेगळे मत मांडतो. इतक्या चाचण्यांची गरज मला पटत नाही. हातोडीचा एक घाव घातला की चांगला दगड खणखणतो आणि भेगाळलेला बद्द वाजतो. जुने पाथरवट यावरच निवड करीत आणि त्यांची बांधकामे उभी आहेत. आता तर दगडावर टेकवून उसळी मोजणारा श्मिट हातोडाही मिळतो. प्रत्येक गाडीतील दहा दगडांवर तो मारला असता तर हे दगड कामावर आलेच नसते. दुसरे असे की सुरुंगाने काढलेला दगड त्याच आठवड्यात बसवू नये. सुरुंगाच्या धक्क्याने त्यात ज्या सूक्ष्म भेगा पडतात त्या दोन-तीन महिने उघड्यावर ठेवल्यावर दिसू लागतात, आणि फुटायचा तो दगड खाणीतच फुटतो. आम्ही हे नेहमी सांगतो, पण कामाची मुदत आडवी येते.

उत्तर: चाचणीकक्ष

सुरुंगवाट यांचा दुसरा मुद्दा सोन्यासारखा आहे आणि तो फार जुनाही आहे. रोमन वास्तुविद व्हिट्रुव्हियस याने दोन हजार वर्षांपूर्वी हेच लिहून ठेवले आहे: दगड बांधकामाच्या दोन वर्षे आधी, उन्हाळ्यात काढावा, उघड्यावर ठेवावा, त्या काळात ज्याला इजा होईल तो पायात घालावा आणि जो टिकेल तो जमिनीच्या वर वापरावा. खराब दगड फेकून न देता त्याला योग्य जागा देण्याची ही दृष्टी आजच्या निविदांत आढळत नाही.

पहिल्या मुद्द्याशी मात्र मी असहमत आहे. हातोडीचा आवाज भेग ओळखतो. जी भेग अजून पडलेली नाही ती त्याला ऐकू येत नाही, आणि काठबांधणी यांचे दगड बसवताना बहुधा खणखणीतच वाजले असते. श्मिट हातोड्याचेही तेच. शिवाय दगड लहान किंवा सैल टेकलेला असला, पृष्ठभाग खडबडीत किंवा ओला असला, हातोड्याचा कोन बदलला, की उसळीचा आकडा बदलतो. तो मुळात काँक्रीटसाठी तयार झालेला आहे. खाणीच्या सलग भिंतीवर एका थराची दुसऱ्याशी तुलना करण्यासाठी जरूर वापरावा, गाडीतल्या सुट्या दगडावर मारून त्यावरून मेगापास्कल काढू नयेत.

जागेवरच करायची चाचणी हवी असेल तर बिंदुभार चाचणी करावी. दोन बोथट टोकांमध्ये दगडाचा ओबडधोबड तुकडाही धरून फोडता येतो, कापण्या-घासण्याची गरज नसते, म्हणून ‘वाचलेलाच नमुना मोजला’ हा दोष येथे बराच कमी होतो. तिच्या निर्देशांकाला २० ते २५ ने गुणून दाबसामर्थ्य काढण्याची पद्धत आहे, परंतु प्रत्यक्षात हा गुणक १५ पासून ५० पर्यंत जाऊ शकतो, तेव्हा त्या गुणाकाराच्या नादी न लागलेले बरे. त्याऐवजी एकाच थरातील वीस तुकडे कोरडे आणि वीस तुकडे काही दिवस पाण्यात ठेवून फोडावेत व दोन सरासरींची तुलना करावी.

सामर्थ्य ही दगडाची कायमची मिळकत नव्हे, याचे प्रसिद्ध उदाहरण बेसाल्टचे नाही, संगमरवराचे आहे. शिकागो येथील १९७३ साली पूर्ण झालेल्या एका उंच इमारतीवर इटलीतील कारारा संगमरवराच्या सुमारे ४३,००० पातळ पाट्या बसवल्या होत्या; त्या बशीसारख्या वाकत गेल्या आणि १९९० ते १९९२ या काळात सर्व काढून तेथे ग्रॅनाइट बसवावा लागला. कॅल्साइटचा कण तापला की एका दिशेने प्रसरण पावतो आणि आडव्या दिशेने किंचित आकसतो, त्यामुळे तापण्या-निवण्याच्या प्रत्येक फेरीत शेजारचे कण एकमेकांपासून सुटत जातात. नव्या पाटीवर घेतलेली वाकण्याच्या सामर्थ्याची चाचणी हे सांगू शकत नाही.

काठबांधणी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मधल्या तीन आठवड्यांत जे करता आले ते नोंदवतो.

प्रयोगशाळेची नोंदवही पाहिली. नऊ दंडगोल कापायला घेतले होते. चार कापताना तुटले आणि त्यांच्यापुढे ‘नमुना अयोग्य’ एवढाच शेरा आहे. अहवालात या चारांचा उल्लेख नाही. पाचही दंडगोल कोरड्या अवस्थेत फोडले होते.

फुटलेल्या दगडांवर ताऱ्यासारखे ठिपके दिसले नाहीत. भिंगाखाली हिरवट-काळे ठिपके मात्र दिसले आणि ते नखाने सहज खरवडले गेले. खाणीतून मी स्वतः बारा दगड निवडून आणले, सहा खाणीच्या वरच्या बाकावरून (खोदताना ठेवलेल्या पायरीसारख्या टप्प्यावरून) आणि सहा खालच्या बाकावरून, व त्यांचे तुकडे ग्लायकॉलमध्ये ठेवले. दुसऱ्याच दिवशी एक उकलला, नवव्या दिवसापर्यंत आणखी दोन. तिन्ही वरच्या बाकावरचे. पंधरा दिवसांनंतर खालच्या बाकावरच्या एकावरही भेग नाही. मंजुरीचे नमुने कोणत्या बाकावरून घेतले होते याची नोंद कोठेही सापडली नाही.

पुढील टप्प्यासाठी किती नमुने घ्यावेत, आणि आता उतारावर बसलेल्या दगडांचे काय करावे, याविषयी मार्गदर्शन मिळाल्यास उपकार होतील.

उत्तर: पातळछेद

तुम्ही स्वतः खाणीत जाऊन बाकांनुसार दगड निवडलेत, ते योग्यच झाले. यापुढेही ‘किती’ याच्या आधी ‘कोठून’ हे ठरवा. बेसाल्टच्या खाणीची भिंत एकसंध नसते. ती एकावर एक साचलेल्या लाव्हा प्रवाहांची असते. प्रत्येक प्रवाहाचा माथा पोकळ्यांनी भरलेला, मधला भाग घट्ट, आणि दोन प्रवाहांमध्ये कधी तांबडा मातकट थर असतो. वरचा बाक आणि खालचा बाक हे कदाचित दोन वेगळे प्रवाह असतील. म्हणून आधी भूवैज्ञानिकाकडून भिंतीचे रेखाटन करून घ्यावे, त्यावर प्रत्येक प्रवाह व त्याचे भाग वेगळे दाखवावेत, आणि प्रत्येक भागातून स्वतंत्र नमुने घ्यावेत. एका भागाचा आकडा दुसऱ्या भागाच्या आकड्यात मिसळून सरासरी काढू नये. सरासरीत खराब थर विरघळून जातो, उतारावर मात्र तो आपल्या जागी फुटतो. नमुने कंत्राटदाराने आणून द्यायचे नाहीत, आपण उचलायचे. कापताना तुटलेल्या प्रत्येक तुकड्याची नोंद कारणासह अहवालात आलीच पाहिजे, अशी अट निविदेतच घाला. आणि खाणीचे तोंड पुढे सरकले की मंजुरी संपली असे समजा. सहा महिन्यांनंतर निघणारा दगड हा चाचणी झालेला दगड नसतो.

तुमच्या बारा दगडांवरून टक्केवारी काढण्याचा मोह टाळा. त्यांनी वरचा बाक संशयित ठरवला, एवढे काम पुरेसे आहे. खालच्या बाकाचे छेद करून घ्या आणि त्याच्या पाट्यांना भिजण्या-वाळण्याच्या फेऱ्या द्या; ते ठीक आले तरच तो चढउताराच्या पट्ट्यासाठी ठेवा. वरच्या बाकाचा दगड कायम पाण्याखाली राहणाऱ्या भागात चालतो का, हे पाहण्याजोगे आहे, कारण तुमच्याच उतारावर तो दोन वर्षे तेथे टिकलेला दिसतो; मात्र एखाद्या वर्षी पातळी विलक्षण खाली गेली तर तोही उघडा पडेल, हे धरून चाला.

बसवलेल्या दगडांपैकी जे फुटायचे त्यांतले बरेच या दोन वर्षांत फुटले असावेत, पण सगळे नाहीत. सरसकट उपसण्याची घाई करू नका. पट्ट्याचे ठरावीक चौकोन आखून, पातळी खाली जाईल तेव्हा दरवेळी भेगाळलेल्या दगडांची संख्या त्याच चौकोनांत मोजा. संख्या स्थिरावली तर फुटलेले दगड काढून तेथे खालच्या बाकाचे दगड घट्ट बसवणे पुरेल. ती वाढतच राहिली तर त्या पट्ट्यावर नव्या दगडांचा दुसरा थर चढवावा लागेल. सुटलेला चुरा दगडांखालच्या गाळणथराच्या, म्हणजे माती अडवून पाणी जाऊ देणाऱ्या थराच्या, फटी बुजवत नाही ना, हे तेवढे आजच दोन-चार ठिकाणी उकरून पाहा. दगड फुटणे वर्षानुवर्षे चालते, पण गाळणथर तुंबला तर पातळी उतरताना आत अडकलेले पाणी अस्तराला बाहेर ढकलते आणि मग मोजायला वेळ मिळत नाही.

काठबांधणी

दोन ठिकाणी आजच उकरून पाहिले. गाळणथर मोकळा आहे. चुरा वरच्या दगडांच्या फटींतच अडकलेला आहे. चौकोन उद्यापासून आखतो.